आधी मढवायला शिका

दिव्यांची शिल्पं आणि अंगावर ल्यायच्या चामड्याच्या वस्तू करू पाहणाऱ्यांसाठी

दिवाळीच्या तोंडावर बांबूच्या कामट्या तासून, दोऱ्यानं बांधून, घरच्या खळीनं ज्यानं आकाशकंदील चिकटवला आहे, त्यानं दिव्याचं शिल्प एकदा तरी केलेलं आहे. सांगाडा, त्यावर ताणलेली त्वचा आणि आत उजेड, एवढाच तो मामला. कागदाच्या जागी बकरीचं कातडं आलं की तोच कंदील दिवाणखान्यात वर्षानुवर्षं टिकणारा दिवा होतो. आणि सांगाडा कामट्यांचा नसून माणसाच्या खांद्याचा, मनगटाचा, कमरेचा असला की पट्टा होतो, पिशवी होते, गळ्यातला अलंकार होतो. एकच कलाकार दिवेही करतो आणि चामड्याच्या वस्तूही, यात म्हणूनच नवल नाही. दोन्हीकडे विद्या एकच आहे : मढवण्याची.

हिंगणघाट तालुक्यातल्या अल्लीपूरसारख्या गावात बसून हे काम करता येईल का, हा प्रश्न या लेखामागे आहे. येईल. पण मोबाइलवर दिसणाऱ्या परदेशी दिव्यांची नक्कल करून नाही. आपल्या धुऱ्यावर काय उगवतं, जवळच्या कारागिराच्या हातात काय आहे, इथून सुरुवात केली तर येईल.

वर्ध्यानं आधीच केलेलं काम

दिवा आणि चामडं ही जोडी वर्धा जिल्ह्याला नवी नाही. १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला. वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा आणि त्यांच्या सोबत्यांनी ग्रामोद्योगांचे प्रयोग मांडले. त्यातच ‘मगन दीप’ घडला. रॉकेलवर चालणाऱ्या कंदिलात फेरफार करून तो खाद्यतेलावर, म्हणजे गावच्या घाण्यातून निघणाऱ्या तेलावर जळेल असा केला. दिव्याचा आकार ठरवताना त्या लोकांनी आधी विचारलं, इंधन कुठून येणार? रचनाकारानं कायम स्वतःला विचारावा असा हा प्रश्न आहे.

तिकडे वर्ध्याजवळच्या नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवलं. कत्तल केलेल्या नव्हे, तर आपल्या मरणानं मेलेल्या जनावरांचं कातडं सोलून, कमावून त्याच्या उपयोगी वस्तू करायच्या, हा त्याचा पाया होता. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनीही याच कामाला हात घातला. ज्या कामाला समाजानं विटाळ मानलं, ते काम या माणसांनी विचारपूर्वक स्वतःकडे घेतलं. गांधीजी स्वतः दक्षिण आफ्रिकेत चपला शिवायला शिकले होते. त्यांनी तिथे केलेला एक जोड तिथले मंत्री जनरल स्मट्स यांना भेट दिला आणि स्मट्स यांनी तो १९३९ साली, गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसाला परत पाठवला.

वर्ध्याला गेलात तर मगन संग्रहालय पाहा. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते ते उघडलं. तिथल्या वस्तू बघताना त्या सुंदर आहेत का, एवढंच पाहू नका. सांधा कसा बसवलाय, कडा कशी संपवली आहे, कोणतं सामान कुठं वापरलंय, हे वहीत काढून घ्या. एका दुपारी तीन-चार सांध्यांची नीट चित्रं झाली तरी फेरी वसूल.

सामान आणि गुरू

पुस्तकाआधी माणसं शोधा. तीन माणसं पुरे आहेत.

पहिला, ढोलकी-तबला मढवणारा. बकरीचं कातडं भिजवून, ताणून, वादीनं आवळून सुरात आणणं हे त्याचं रोजचं काम. दिव्याची त्वचा बसवणं याहून वेगळं नाही, फक्त सुराच्या जागी उजेड आहे. साफ केलेलं कच्चं कातडं त्याच्याकडूनच विकत घ्या. कातडं चुन्याच्या पाण्यात ठेवून केस काढणं, मांस खरवडणं हा खटाटोप सुरुवातीला घरी करू नका. हात भाजतात, आणि ते पाणी नाल्यात किंवा विहिरीजवळ सोडणं हा गुन्हाच समजा. तरी एखादं ताजं कातडं हाती आलंच, तर काही तासांच्या आत त्याच्या वजनाच्या साधारण ४० टक्के मीठ आतल्या बाजूला चोळून ठेवा, नाहीतर ते सडतं.

दुसरा, गावातला चर्मकार. रापी कोणत्या कोनात धरायची, आरीनं भोक पाडताना मनगट कुठं थांबवायचं, हे शेजारी बसल्याशिवाय कळत नाही. पोळ्यासाठी बैलाचे चामडी पट्टे, घुंगरांच्या माळा ज्यानं केल्या आहेत, तो तर ल्यायच्या वस्तूंचा पहिला डिझायनरच म्हणायचा. गेठा, मोरकी, माळ हे सगळं हलत्या, घाम येणाऱ्या, ताकदवान अंगावर दिवसभर बसलं पाहिजे, या हिशेबानं केलेलं असतं. तो हिशेब शिका आणि त्याच्या वेळेचे पैसे द्या.

तिसरा, वेल्डिंग करणारा किंवा बुरूड. सांगाडा त्याच्याकडून करून घ्या. शेतात पऱ्हाटी आणि तुराटी फुकट पडलेली असते. तिच्या काटक्या दिव्याच्या सजावटीला चालतील, पण ताण सोसायला नाही. ताणासाठी बांबू किंवा लोखंडच हवं.

चामड्याच्या खरेदीत कायद्याकडे लक्ष असू द्या. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हशीचं आणि बकरीचं कमावलेलं चामडं घ्या, आणि दर वेळी बिल मागून जपून ठेवा. मोठा खरेदीदार हे बिल विचारतोच.

पहिला दिवा : पायरी पायरीनं

आधी एक गोष्ट समजून घ्या. कमावलेल्या चामड्यातून उजेड पार होत नाही, कच्च्या कातड्यातून होतो. कमावताना कातड्याचे तंतू सुटे आणि मऊ राहतात, त्यांच्यामधल्या पोकळीत उजेड विखरून हरवतो. कच्चं कातडं ताणावर सुकलं की तंतू एकमेकांना चिकटून बसतात आणि ते अर्धपारदर्शक होतं. आंध्र प्रदेशातल्या निम्मलकुंटा गावचे कलाकार सावल्यांच्या खेळाच्या बाहुल्या याच तत्त्वावर करत आले. आज तीच मंडळी बकरीच्या कातड्याचे रंगीत लॅम्पशेड करून जगभर पाठवतात. आपल्याकडे कुडाळजवळच्या पिंगुळीच्या ठाकर कलाकारांकडेही चामड्याच्या बाहुल्यांची परंपरा आहे. तिथले परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. शक्य झालं तर पिंगुळीला जाऊन बाहुलीच्या मागून पडणारा उजेड एकदा डोळ्यांनी पाहा.

आता कृती.

१. कागदाचा नमुना करा. बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद घेऊन दिवा खऱ्या मापात उभा करा. अंधारात आत टॉर्च ठेवा, मग दिवसा टॉर्च बंद करून पाहा. दिवा दिवसाचे बहुतेक तास विझलेलाच असतो. विझलेला असतानाही जो बघावासा वाटतो, तोच दिवा शिल्प ठरतो.

२. सांगाडा दणकट करा. सुकताना कातडं आकसतं आणि बारीक तार चक्क वाकवतं. निदान ४ मिलिमीटरची सळई घ्या. तिला गंजरोधक रंग द्या, कारण गंजाचा डाग कातड्यातून कधीच जात नाही. बांबू घेतलात तर मुरलेला घ्या. ओल्या बांबूला भुंगा लागतो.

३. कातडं भिजवा. थंड पाण्यात तासा-दोन तासांत ते ओल्या फडक्यासारखं लुळं पडतं. पाणी गरम कधीही नको. ओल्या कच्च्या कातड्याचे तंतू साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसला आकसून गोळा होतात आणि पुन्हा सरळ होत नाहीत.

४. मढवा. कडेपासून अर्धा सेंटिमीटर आत, दीड-दोन सेंटिमीटरवर भोकं पाडून जाड मेणकट दोऱ्यानं सांगाड्याला शिवा. समोरासमोरच्या बाजू आळीपाळीनं ओढा, खाटेची नवार ओढतात तशा. फार ताणू नका, उरलेला ताण कातडं सुकताना स्वतःच घेतं. नवशिक्याचा पहिला दिवा बहुधा इथंच फाटतो.

५. सावलीत सुकवा. एक-दोन दिवस लागतील. वैदर्भीय उन्हात ठेवलंत तर बाहेरचा थर आधी आवळून शिवण उसवते.

६. मग छिद्रं पाडा. सुकलेल्या कातड्यावर पेन्सिलनं आखून लाकडी ठोकळ्यावर छिन्नी किंवा पंचनं नक्षी पाडा. कातड्यातून उजेड मंद येतो, छिद्रातून थेट येतो. या दोन उजेडांचा खेळ म्हणजेच तुमची रचना. छिद्रं ताणाच्या रेषेत ओळीनं पाडू नका, तिथं चीर जाते.

एवढं एकदा जमलं की आकार मोकळे करा. जपानी-अमेरिकन शिल्पकार इसामू नोगुची १९५१ साली जपानमधल्या गिफू शहरात गेले. तिथले कारागीर बांबू आणि कागदाचे कंदील पिढ्यान् पिढ्या करत होते. नोगुचींनी त्यांची पद्धत तशीच ठेवली, फक्त आकार बदलले. त्यातून ‘अकारी’ दिवे जन्मले आणि आजही ते गिफूतच हातानं होतात. नवी तंत्रविद्या शोधण्याऐवजी जुन्या विद्येला नवा आकार देणं हा मार्ग गावात राहणाऱ्यासाठी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत भक्कम आहे.

विजेशी चेष्टा नको

कातडं जळतं. जुना पिवळा बल्ब विजेचा बहुतेक भाग उष्णतेत घालवतो, तो या दिव्यात कधीही लावू नका. ५ ते ९ वॅटचा एलईडी पुरेसा आहे. उजेडाचा रंग २७०० केल्विनच्या आसपासचा, म्हणजे पिवळसर घ्या. पांढऱ्या-निळसर उजेडात कातडं आजारी दिसतं. बल्ब आणि कातडं यांत चारही बाजूंनी निदान १० सेंटिमीटर अंतर ठेवा. वर आणि खाली हवा खेळायला वाट ठेवा, कारण एलईडीचा बुडखाही तापतो.

नवशिक्यांनी २३० व्होल्टऐवजी १२ व्होल्टची एलईडी पट्टी वापरावी. तिचं अडॅप्टर दिव्याच्या बाहेर, भिंतीशी राहू द्या. २३० व्होल्ट वापरायचेच असतील आणि सांगाडा लोखंडी असेल, तर तीन पिनांची वायर आणि अर्थिंग हवंच. वायर आणि ड्रायव्हर भारतीय मानक ब्युरोच्या खुणेचे घ्या, आणि पहिले काही दिवे जाणत्या वायरमनला उघडून दाखवा. विकण्याआधी प्रत्येक दिवा सलग आठ तास पेटता ठेवून दर दोन तासांनी कातड्याला हात लावून बघा. चटका बसला तर तो दिवा विकायचा नाही.

अंगावर ल्यायची वस्तू

इथं कमावलेलं चामडं लागतं. त्वचेला थेट लागणाऱ्या वस्तूसाठी बाभळीच्या सालीवर, हिरड्यावर, म्हणजे वनस्पतींवर कमावलेलं घ्या. क्रोमनं कमावलेलं चामडं मऊ आणि स्वस्त असतं, पण त्याची प्रक्रिया नीट झाली नसेल तर त्यात त्वचेला त्रास देणारं षट्संयुजी क्रोमियम राहू शकतं. युरोपीय संघानं २०१५ पासून त्वचेला लागणाऱ्या चामडी वस्तूंत त्याची मर्यादा किलोमागे ३ मिलिग्रॅम ठेवली आहे. बाहेर माल पाठवायचा विचार असेल तर हा आकडा लक्षात ठेवा. बक्कल शक्यतो पितळेचं घ्या. निकेलनं अनेकांना खाज सुटते.

जाडीचा हिशेब साधा आहे. कमरपट्ट्याला म्हशीचं ३ ते ४ मिलिमीटर, पिशवीला २ च्या आसपास, पाकिटाला १ ते सव्वा, अस्तराला बकरीचं त्याहून पातळ. पट्टे नेहमी पाठीच्या कण्याच्या रेषेत कापा. पोटाकडचं चामडं लोळतं, ते वाया न घालवता छोट्या सजावटीत वापरा. वजनही मोजा. २ मिलिमीटर जाडीचं एक चौरस फूट चामडं साधारण १६० ग्रॅम भरतं. दहा चौरस फुटांची पिशवी रिकामीच दीड किलोच्या वर जाते. कागदावर देखण्या दिसणाऱ्या कितीतरी रचना इथंच बाद होतात, आणि त्या चामडं कापण्याआधी बाद झालेल्या बऱ्या.

चामडं कापण्याआधी मांजरपाटाचा नमुना शिवा. ज्याच्यासाठी वस्तू आहे त्याला तो घालायला लावा. मग त्याला खाली बसू द्या, गाडीला किक मारू द्या, हात वर करू द्या. नमुना जिथं टोचतो, सरकतो, गोळा होतो तिथं खडूनं खूण करा. खांद्यावरचा कवचासारखा तुकडा हवा असेल तर वनस्पतींवर कमावलेलं चामडं कोमट पाण्यात भिजवून साच्यावर दाबून सुकवा. सुकल्यावर ते तो आकार धरून ठेवतं.

शिलाई दोन सुयांची करा. एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी दोरा येऊ द्या. मशीनची शिवण एका जागी तुटली की पुढे उसवत जाते, ही जात नाही. कडा तासा, ओलसर करा आणि लाकडानं घासून गुळगुळीत करा. जाणकार ग्राहक वस्तूची कडा आधी पाहतो.

काळ्या रंगाला बाजारात जायची गरज नाही. गूळ, पाणी आणि गंजके खिळे मातीच्या भांड्यात पंधरा दिवस झाकून ठेवा. लोखंड आणि बाभळीच्या सालीतलं टॅनिन एकत्र आलं की चामडं काळंभोर होतं. आधी कात्रणावर करून पाहा, कारण जास्त लावलं तर चामडं कडक पडून तडकतं. अस्तराला वर्ध्याची खादी वापरा, घाम शोषते.

ऋतू सांभाळा

आपल्या भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि जुलैत भिंती घाम गाळतात. कच्चं कातडं उन्हाळ्यात आवळतं, पावसाळ्यात ढिलं पडून बुरशी धरतं. मढवण्याचं काम दिवाळी ते होळी या दिवसांत करा. पावसाळा शिलाईसाठी, नमुन्यांसाठी ठेवा. माल प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, सुती पिशवीत ठेवा. मेण आणि थोडं तेल मिसळून वर्षातून दोनदा पुसायला ग्राहकाला सांगा. दिव्याला मात्र तेल लावायचं नाही, उजेडात डाग दिसतात.

किंमत कशी लावायची

बहुतेक कलाकार सामानाच्या दुप्पट किंमत लावतात आणि वर्षाअखेर हात हलवत राहतात. तास मोजा. उदाहरणादाखल हिशेब मांडू. सामान ९०० रुपये. १४ तास काम, तासाला १२० रुपये धरून १,६८० रुपये. फुकट गेलेलं कातडं, हत्यारांची झीज, वीज मिळून ३०० रुपये. झाले २,८८०. त्यावर पाव हिस्सा नफा धरला की ३,६००. दुकानदार विक्री किमतीच्या ४० टक्के घेत असेल, तर दुकानातली किंमत ६,००० रुपये हवी. थेट विकतानाही किंमत तीच ठेवा. घरी स्वस्त विकलंत तर दुकानदार दुसऱ्यांदा माल घेणार नाही.

भांडवलासाठी पीएम विश्वकर्मा योजना पाहा. २०२३ साली सुरू झालेल्या या योजनेतल्या १८ व्यवसायांत चर्मकार, मूर्तिकार आणि टोपल्या-चटया विणणारेही आहेत. प्रशिक्षण काळात रोज ५०० रुपये, हत्यारांसाठी १५,००० रुपये आणि ५ टक्के व्याजानं आधी एक, नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज मिळू शकतं. अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीतच होते. ज्या कारागिराकडे तुम्ही शिकता, त्याचा अर्ज आधी भरून द्या, मग तुमचा. मगनवाडीतल्या महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थेत ग्रामीण शिल्प आणि ऊर्जा असे दोन्ही विभाग आहेत. तिथं नमुना घेऊन जा, नुसतं चित्र घेऊन नको.

नाव कोणाचं?

या कामातला सर्वांत नाजूक भाग हा आहे. चामडं हातात घेणाऱ्या शिकलेल्या माणसाला ‘डिझायनर’ म्हणतात आणि त्याच कामात पिढ्या घालवलेल्याला जातीवरून हाक मारतात. मुंबईचे कलाकार सुधीर राजभर यांनी नेमकं तेच जातीचं नाव उचललं. २०१५ च्या बंदीनंतर चर्मकारांचं काम आटलं, तेव्हा त्यांच्यासोबत टायरच्या रबरापासून पिशव्या करत त्यांनी ‘चमार स्टुडिओ’ उभा केला. तिथल्या खुर्च्या २०२४ साली अमेरिकेतल्या डिझाइन मायामी प्रदर्शनात मांडल्या गेल्या. शिवी म्हणून वापरलेला शब्द त्यांनी पाटीवर लावला.

उलट बाजूचं उदाहरणही ताजं आहे. जून २०२५ मध्ये प्राडा कंपनीनं मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि त्या कुठून आल्या याचा उल्लेखच केला नाही. महाराष्ट्रातून ओरड झाल्यावर प्रेरणा भारतीय असल्याचं कंपनीनं मान्य केलं. आपण प्राडावर रागावतो, पण आपल्या दिव्यावर आपल्या बुरडाचं, आपल्या चर्मकाराचं नाव असतं का? आणखी एक : कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन आहे. ते महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांपुरतं आहे. अल्लीपुरात तशी चप्पल शिवलीत तरी तिला ‘कोल्हापुरी’ म्हणून विकू नका. तिला तुमच्या गावाचं नाव द्या.

तेव्हा पहिल्या दिव्याबरोबर एक छोटं कार्ड जोडा. कातडं कुणी साफ केलं, सांगाडा कुणी वळवला, शिवण कुणाची, रचना कुणाची, हे त्यांच्या परवानगीनं नावानिशी लिहा आणि खाली लिहा : अल्लीपूर, तालुका हिंगणघाट, जिल्हा वर्धा. ते कार्ड लिहिताना ज्या ओळीवर हात अडखळेल, तिथल्या माणसाचे पैसे द्यायचे राहिलेत, असं समजा आणि आधी ते चुकते करा.